मऊ पाटे

"गाडी कशासाठी उचलायची ते तरी सांगा," दस्तगीर मिस्त्री म्हणाला. "त्याबिगर मी स्प्रिंगचा कुठला पाटा सुचवू?"

माझे दीर रवळूभावजी मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "रस्ता खराब हाय. गाडीचं बूड घासतंय," एवढंच बोलले.

"कुठला रस्ता?" मी विचारलं. "बेळगावला तर डांबरी जातो."

"माल भरायला शेतात आत जावं लागतंय न्हवं, वैनी."

पण ते उत्तर मला पटलं नव्हतं.

गडहिंग्लजला दस्तगीरचं गॅरेज होतं. आमची पिकअप जुनी. माझ्या मालकांनी घेतली तेव्हाच ती कुणीतरी वापरलेली होती. पुढं घाटात ती चरात उलटली आणि त्यात मालक गेले. ती सरळ करून, ठोकूनठाकून पुन्हा रस्त्यावर आणली ती याच दस्तगीरनं. गाडी माझ्या नावावर झाली आणि भावजी ती चालवू लागले. आमच्या भागातली रताळी आणि काजूबी बेळगावच्या बाजारात पोचवायची, येताना काही मिळालं तर भरून आणायचं. माझं आणि माझ्या लेकीचं पोट त्या गाडीवर होतं. भावजींनी लग्न केलेलं नव्हतं. ते आमच्यातच जेवायचे, परड्यातल्या खोलीत झोपायचे. कमी बोलणारा माणूस. आणि त्या वर्षी अचानक त्यांच्या डोक्यात आलं, गाडी उंच करून घ्यायची.

दस्तगीरनं पोत्यावर सगळं मांडून दाखवलं. पहिला उपाय लोखंडी ठोकळ्यांचा. चाकांचा आस आणि त्यावरचे कमानपाटे यांच्यामध्ये ते घालायचे, गाडी लगेच उचलली जाते. "पण घाटात मी हे देणार न्हाई," तो म्हणाला. "वळणावर बोल्ट ढिला झाला तर देव आठवंल." दुसरा उपाय पाट्यांच्या जुडग्यात आणखी एक जाड पाटा घालायचा. गाडी उचलते आणि कडक होते. "माल वाहणाऱ्याला हेच बरं. कितीबी पोती घाला, ढुंगण टेकायची न्हाई."

तिसरा होता पुरा सेट. लांब, पातळ, नवे कमानपाटे आणि त्यांच्याबरोबर उंच शॉकअप. दस्तगीरनं एक पाटा हातानं दाबून दाखवला. "ह्याच्यानं गाडी उंच व्हईल आणि चालंल बी पाळण्यासारखी. पण पोती निम्मी भरावी लागतील. जास्त भरलं की बसली."

"हेच घाला," भावजी म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघत राहिले. "निम्मी पोती? मग खायचं काय?"

"फेऱ्या वाढवू."

"भावजी, रताळ्याला पाळणा कशाला?"

ते उठले, हात झटकले आणि चहा सांगतो म्हणून बाहेर गेले. दस्तगीरनं त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत वाट बघितली. मग पान्यानं उगीच एक नट घासत खालच्या आवाजात म्हणाला, "वैनी, एक सांगू? राग धरू नका. गेल्या साली एकानं असाच सेट बसवून घेतला. उंच आणि मऊ. गोव्यासनं जंगलातल्या वाटंनं यायचा. नाका चुकवून."

"आणि?"

"उंच कशाला, तर वाटंतली दगडं लागू नयेत. मऊ कशाला, तर बाटल्या फुटू नयेत."

आमच्याकडून गोवा लांब नाही. तिकडची दारू इकडं आणून विकणाऱ्यांची नावं गावात सगळ्यांना ठाऊक असतात, फक्त घेत कुणी नाही. ठाण्याच्या आवारात पकडलेल्या गाड्या उभ्या असायच्या. टायर बसलेले, टपावर वेली चढलेल्या. त्या परत मिळालेल्या मी कधी ऐकलं नव्हतं.

भावजी चहा घेऊन आले. मी म्हणाले, "आज नको. विचार करून सांगते."

त्यांनी काही हुज्जत घातली नाही. पण परतीच्या वाटेवर त्यांचा चेहरा असा उतरला, की माझा संशय आणखीच पक्का झाला.

त्यानंतर मी डोळे उघडे ठेवले. आधी जे दिसत होतं आणि मी बघत नव्हते ते बघायला लागले. एकदा भावजी आंघोळीला गेले असताना मी गाडीखाली वाकून पाहिलं. सायलेन्सर चेपलेला होता, आणि पुढच्या आसाखाली जांभ्या दगडाचे तांबडे ओरखडे होते. शेताच्या बांधावर असे ओरखडे पडत नाहीत. सीटच्या मागं कापसाची एक गादी गुंडाळून खुपसलेली सापडली. बाटल्यांच्या खाली घालायलाच असणार, मी मनात म्हटलं. गादीला निलगिरीच्या तेलाचा वास येत होता. दारूचा वास मारायला माणूस काहीतरी तीव्रच वापरणार.

बाजाराच्या दिवशी त्यांना यायला नेहमी उशीर व्हायचा. मी विचारायची, "आज का वेळ झाला?"

"पंक्चर झाली."

"गेल्या बाजारालाबी पंक्चरच झाली होती."

"टायर जुनं झाल्यात, वैनी."

टायर मी स्वतः दिवाळीला नवे घातले होते. मी ताट वाढलं. हा माणूस मालकांच्या चितेपाशी माझ्या लेकीला कडेवर घेऊन उभा होता. तेव्हापासून त्यानं कधी माझ्याकडं वाकड्या नजरेनं बघितलं नव्हतं की हिशेबात खोट केली नव्हती. आणि आता तोच माझ्या गाडीत हे धंदे करत होता. गाडी धरली गेली तर नाव माझं लागणार होतं. लेक शाळेत जात होती. तिच्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणणार, इथपर्यंत मी जाऊन पोचले होते.

ठाण्यात जाऊन सांगावं, असं एकदा वाटलं. पण आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं.

पुढच्या बाजारी पोती भरून झाली, भावजी गाडीत बसणार, एवढ्यात मी डोक्यावर पदर घेऊन शेजारचं दार उघडलं आणि आत चढले.

"तुम्ही कुठं?"

"बेळगावला. लेकीला कापड घ्यायचंय."

"मी आणतो की. रंग सांगा."

"रंग डोळ्यांनी बघून घेते."

त्यांनी गाडी सुरू केली. बाजारात रताळी उतरली, कापड घेतलं, दोघांनी एका हॉटेलात पुरी-भाजी खाल्ली. त्यांनी अर्धी तशीच ठेवली. परत निघालो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. गाडी सरळ घराच्या रस्त्यानं चालली होती. एका मोरीपाशी उजवीकडं कच्ची वाट जंगलात शिरत होती. तिथं आल्यावर त्यांचा पाय ॲक्सिलेटरवरनं किंचित उचलला गेला आणि पुन्हा दाबला गेला. मी तेवढ्याचीच वाट बघत होते.

"थांबा," मी म्हणाले. "बाजाराच्या दिवशी जिथं जाता तिथं न्या मला."

"वैनी, काय बोलताय—"

"गाडी माझी हाय. न्या. न्हाईतर इथनं सरळ ठाण्यात न्या. मी उतरणार न्हाई."

गाडी तशीच रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. भावजी दोन्ही हात चाकावर ठेवून पुढं बघत बसले. मागून आलेला ट्रक शिव्या देत निघून गेला. मग ते म्हणाले, "तुम्ही बघू नये असं हाय ते."

"म्हणूनच बघायचंय."

त्यांनी गाडी मागं घेतली आणि मोरीपाशी वळवली.

ती वाट म्हणजे वाट नव्हतीच. पावसानं कातरलेला जांभा, मध्येच ओढा, ओढ्यात माणसाएवढे धोंडे. गाडीचं बूड दगडावर आपटायचं तेव्हा दात दातावर आदळायचे. मी दोन्ही हातांनी दांडा धरला होता. वर चढता चढता मी मनात सगळं रचत होते. एखादं गोठ्यासारखं छप्पर असेल, आत खोकी असतील, दोन दांडगे पुरुष असतील. त्यांच्यापुढं काय बोलायचं, तेही मी ठरवून ठेवलं.

झाडी संपली आणि मोकळा सडा लागला, नुसता सपाट कातळ. सड्यावर मोजकी घरं होती, त्यातली बरीच ओस. एका घरासमोर म्हातारा करवंदीच्या फांद्या तोडत होता. त्यानं गाडीकडं बघितलं आणि ओळखीची असल्यासारखा पुन्हा कामाला लागला. त्यापुढच्या घराशी गाडी थांबली.

भावजी आधी उतरले नाहीत. "वैनी," ते म्हणाले, "आत एक बाई हाय. लगमा नाव. तिला काय बोलायचं ते मला बोला."

बाई! म्हणजे दारू नव्हे. भावजींनी बाई ठेवली होती. खरं सांगते, क्षणभर मला हायसं वाटलं. बिनलग्नाचा पुरुष, त्याचं काहीतरी असणारच. मी मनात हसलेसुद्धा, आणि उतरून सोप्यात गेले.

भिंतीला लागून एक बाज होती. तिच्यावर माझ्याच वयाची एक बाई पाठीवर पडली होती. डोळे मोठे, चेहरा सुकलेला, कमरेखाली पांघरूण. सगळ्या सोप्याला निलगिरीचा वास होता. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. माझ्या तोंडाकडं बघत ती हळूच म्हणाली, "बाळी बरी हाय न्हवं?"

माझ्या लेकीचं शाळेतलं नाव वेगळं आहे. बाळी तिला तिचा बाप म्हणायचा. एकटा तिचा बाप. मी नाही, भावजी नाही, कुणीच नाही.

मी तिथंच खांबाला धरून उभी राहिले.

भावजी माझ्यामागं घाईनं आले. "वैनी, त्या दिवशी घाटात गाडी उलटली तवा ही गाडीत होती. वाटंत हात केला, दादानं घेतलं बसवून. एवढंच. ओळख ना पाळख."

"रवळू," बाजेवरून ती म्हणाली, "खोटं कशाला बोलतोस? त्यांना कळलं."

"तू गप ऱ्हा."

"किती वर्षं गप ऱ्हायची?" मग ती मला म्हणाली, "मी वाटंतली न्हवे. ते इथं यायचे. बाळी रांगत होती तवापासनं."

मी भावजींकडं वळले. सगळा राग त्यांच्यावर निघाला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"न्हवतं. त्या दिवशी कळलं." ते सोप्याच्या पायरीवर बसले. "मी पाठीमागनं फटफटीवर येत हुतो. पहिला मीच पोचलो. दादा गेल्ता. ही चरात पडली हुती, कण्हत. मला एकच दिसलं, आता लोक येतील, पोलीस येतील, आणि उद्या तुमच्या दारात सगळं गाव ह्याच गोष्टी बोलंल. दुधाचा टेम्पो आला, त्यात घातली आन् पाठवून दिली. दवाखान्यात न्हाई वैनी. दवाखान्यात नाव सांगावं लागतं. हाडवैद्याकडं पाठवली. त्यानं कंबरंचं हाड वाकडं बसवलं. ती तवापासनं अशी पडलीया." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "माझ्यामुळं."

"तुझ्या वैनीसाठी केलंस," लगमा म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, पण माफीही नव्हती.

हळूहळू बाकीचं कळलं. मिरजेच्या एका डॉक्टरला भावजींनी, हाडवैद्यानं तेव्हा काढायला लावलेले एक्स-रे नेऊन दाखवले होते. तो म्हणाला होता, आता हाड पुन्हा तोडून बसवलं तर बाई उभी राहील, आणखी वेळ घालवला तर नाही. पण तिला खाली न्यायचं कसं? एकदा भावजींनी पिकअपमध्ये गादी घालून तिला नेलं. पहिल्या ओढ्यातच ती वेदनेनं बेशुद्ध पडली आणि ते घाबरून परत फिरले. डोलीतून न्यावं तर तेव्हा तिला तसं वर आणणारी पोरं गाव सोडून गेली होती, वस्तीवर खांदा द्यायला म्हातारी माणसंच उरली होती. ऑपरेशन झाल्यावरही व्यायामाला, दाखवायला वरचेवर ने-आण लागणार होती.

"खाली एखाद्या गावात आणून का न्हाई ठेवली?" मी विचारलं.

भावजींनी मान वर केली. "कुणाच्या घरात, वैनी? तुमच्या सोप्यात?"

मी बाजेपाशी गेले. माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं! इतकी वर्षं मी ज्या माणसासाठी वटपौर्णिमेला उपाशी राहिले, ज्याच्या फोटोला रोज फूल वाहिलं, त्याचा सगळा हिशेब मला या बाईकडून मागायचा होता. मी तिच्यावर वाकले आणि म्हणाले, "ऊठ."

ती नुसती बघत राहिली.

"ऊठ म्हणते ना! ऊठ आणि उभी राहून बोल माझ्याशी."

तिनं हाताच्या कोपरावर जोर देऊन प्रयत्न केला. खरंच केला. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे झाले आणि ती पुन्हा खाली पडली. भावजी धावत आले. मी मागं सरले. पडलेल्या माणसाला शिव्या देता येत नाहीत. दिल्या तरी त्या आपल्याच अंगावर येतात.

आम्ही परत निघालो. मुख्य रस्ता लागल्यावर भावजींनी गाडी कडेला घेतली, चावी काढली आणि माझ्यापुढं धरली. "तुमची गाडी. मी उद्या दुसरीकडं काम बघतो. तुमच्यासमोर वावरायचं तोंड न्हाई मला."

चावी मी घेतली नाही. "सकाळी दस्तगीरकडं जाऊ," मी म्हणाले.

"कशाला?"

"सेट बसवायला. मऊ."

ते माझ्याकडं असे बघायला लागले, की आता त्यांनाच माझा संशय येत होता. बरोबरच होतं. मलाही माझा भरवसा वाटत नव्हता. त्या रात्रभर मी डोळे उघडे ठेवून पडले आणि पहाटे मला एवढंच कळलं, की ती बाई अशीच बाजेवर पडून मेली तर माझं भांडण कायमचं माझ्याच पोटात राहील. मालक तर सुटून गेले होते. तिला मी सोडणार नव्हते.

दस्तगीरनं मला पाहिलं आणि मान हलवली. "वैनी, मी सांगितलं होतं तुम्हाला. ह्यात पडू नका."

"मिस्त्री, माणूस न्यायचंय. कंबर मोडलेलं."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. त्याचा विश्वास बसला नसावा. भावजींकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. मग त्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली, पण ते वेगळे प्रश्न होते. ओढे किती खोल, चढ कुठं, बाई किती वजनाची. "असं असंल तर एवढी उंच न्हाई करायची," तो म्हणाला. "जास्त उचलली की गाडी डुलती. डुललेलं बी तिला सोसायचं न्हाई. धोंडा चुकंल एवढीच उचलू." त्यानं एक पाटा बाजूला ठेवून दुसरा निवडला, आणि हौद्यात दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधायला कड्या मारून दिल्या. "गादी मोकळी ठेवू नका. बाज दोऱ्यांवर टांगा." पैसे द्यायला गेले तर कड्यांचे त्यानं घेतले नाहीत.

तिला उतरवायच्या दिवशी मी मागं हौद्यात तिच्याशेजारी बसले. भावजी गाडी अशी चालवत होते, जशी काय तळहातावर धरून नेत होते. ओढा आला. पुढचं चाक धोंड्यावर चढलं, गाडी उचलली आणि सावकाश खाली बसली. बूड कुठं लागलं नाही. बाज हलली, पण आपटली नाही. लगमानं डोळे घट्ट मिटले होते आणि माझं मनगट धरलं होतं. मी ते सोडवून घेतलं नाही.

"एवढं कशापायी करताय?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"उपकार समजू नकोस. मला तुझ्याशी भांडायचंय. तू उभी ऱ्हायल्यावर."

दुसऱ्या ओढ्यात तिनं दात आवळले तेव्हा मी म्हणाले, "मरू नकोस मधेच."

"न्हाई मरत," ती म्हणाली.

ऑपरेशन झालं. त्यानंतर पावसाळा सोडून सबंध वर्षभर पिकअप त्या सड्यावर जात राहिली. पोती निम्मी, फेऱ्या जास्त. मी पुन्हा गेले नाही. भावजी येऊन सांगायचे, बसली. मग सांगायचे, खांबाला धरून उभी राहिली. मग काठीवर चार पावलं. मी नुसतं हूं म्हणायची. गावात कुजबुज सुरू झालीच होती. रवळूनं बाई ठेवलीय म्हणत. भावजींनी ते खोडून काढलं नाही. मीही नाही.

शिमग्याच्या सुमारास एका सकाळी पिकअप दारात थांबली. लेक शाळेत गेली होती. मी अंगण सारवत होते. दार उघडून लगमा आपली आपण उतरली. काठी टेकत, एक पाय किंचित ओढत ती अंगणाच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. ओलं सारवण होतं, ती त्यावर पाय देईना.

"आले," ती म्हणाली. "उभी हाय. बोला."

भावजी गाडीतनं उतरलेच नाहीत.

आणि मी बोलले. शेणाचा हात तसाच होता. इतक्या वर्षांचं जे होतं ते सगळं बोलले. ती खाली मान घालून ऐकेल असं मला वाटलं होतं, पण तिनं तसं केलं नाही. तीही बोलली. तुमच्याकडं सण होता, माझ्याकडं उरलेलं. तुम्ही कुंकू पुसून रडलात, मला चरातनं उचलून टेम्पोत टाकलं, माझं रडणं कुणी बघितलं? मी म्हणाले, मुलगी तापानं फणफणलेली असताना ते पंढरपूरला जातो म्हणून गेले, ते तुझ्याकडंच ना? ती म्हणाली, मला तर म्हणाले होते मुलगी बरी झाली म्हणून आलो. मग आम्ही दोघी थांबलो. ते दोघींना खोटं बोलले होते, आणि एकाच दिवशी. त्यानंतर आम्ही त्यांनाच शिव्या घातल्या. शेजारच्या बायका कुंपणाशी जमल्या, त्यांना कुणी हाकललं नाही. कधीतरी मी रडायला लागले. मालक गेल्यावर सुद्धा मी अशी रडले नव्हते.

ऊन अंगणभर पसरलं. लगमाचा पाय कापायला लागला होता तरी ती बसली नाही. मीच आतून पाट आणून टाकला.

"जेवून जा," मी म्हणाले.

तिनं डोळे पुसले आणि काठी सावरली. "आज नको. आज जेवले तर भांडले असं वाटायचं न्हाई."

"मग पुढच्या बाजारी ये," मी म्हणाले. "माझं अजून संपलेलं न्हाई."